काम्पफ्लीचा इकामा

३ ऑगस्ट २०१८, शुक्रवार. खमीस मुशैत

ही डायरी झेबाने दिली. माझा मुलगा मुझम्मिल कामाला आहे त्या दुकानात गिऱ्हाइकांना वाटायला आलेली, वर घड्याळाचं चित्र. म्हणाली, "दादी, तू सबको सुनाती रहती है, इसमें लिख." अकरा वर्षांची नात आजीला गप्प बसायचा उपाय सांगते. बरं, लिहिते. हर्णैच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले, मग बापाने मासळी निवडायला बसवलं. अक्षर कोंबडी चालल्यासारखं आहे, पण माझं मला लागतं.

आज जुम्मा. जेवण झाल्यावर मुझम्मिल हात धुऊन आला आणि परत पाटावर येऊन बसला. हा मुलगा जेवल्यावर परत बसला म्हणजे काहीतरी वाईट आहे.

"अम्मी, सौदायझेशनचा हुकूम पक्का झालाय. नोव्हेंबरपासून घड्याळाच्या दुकानात सौदी माणूसच लागणार. अबू सईद म्हणाला, मी काही करू शकत नाही."

अबू सईद हा त्याचा कफील, दुकानाचा मालक. माणूस चांगला आहे. माझा मोतीबिंदू काढला तेव्हा स्वतः गाडी घेऊन आला होता.

मी म्हटलं, "त्यांचा मुलूख आहे. त्यांच्या पोरांना काम नको का?"

"तसं नाही गं. माझी नोकरी गेली की इकामा गेला. माझा, तुझा, रुमानाचा, झेबाचा, सगळ्यांचाच माझ्यावर आहे."

ते खरं. राहायचा परवानाच नाही तर राहणार कसे? पण रडायला मी बसले नाही. या मुलखाने सतरा वर्षं मुझम्मिलला जेवू घातलं. हर्णैचं घर कौलारूचं स्लॅबचं झालं ते याच्यावर. दिलं त्याचे उपकार मानावेत, परत मागितलं म्हणून शिव्या देऊ नयेत. मात्र नोव्हेंबरनंतर काय, हे मलाही सुचत नाही.

१४ ऑगस्ट, मंगळवार

वाट निघालीय असं म्हणतात. रुमाना, माझी सून, इथे एका लहान क्लिनिकमध्ये नर्स आहे. तिच्याकडे उन्हाळ्यात एक गोरी बाई मोडलेलं मनगट घेऊन आली होती. नाव सोल्वेग. नवरा इंग्रज, विमानतळाच्या लष्करी तळावर विमानांची दुरुस्ती शिकवतो. बाई स्वतः नॉर्वेची. तिकडे पूर्वी परदेशातून आलेल्यांना भाषा शिकवायची. ती रुमानाला म्हणाली, आमच्या गावी म्हाताऱ्यांचा आश्रम आहे, तिथे नर्सेस हव्यात, पण मुलाखत आमच्या भाषेतच घेतात.

म्हणजे आता रुमानाने नॉर्वेची भाषा शिकायची. मुलाखत ऑक्टोबरच्या शेवटी, कॉम्प्युटरवर. ती जमली तर कागदपत्रांचं आश्रमवाले बघणार, मग रुमाना, मुझम्मिल, झेबा सगळे तिकडे. नाही जमली तर हर्णै, आणि मुझम्मिल चाळिशीत नव्याने काय करणार ते अल्लालाच ठाऊक. बंदरावर बर्फ फोडेल.

इंग्रजी आणि थोडं जर्मन रुमानाला येतं. एकदा जर्मनीला जायचं म्हणून शिकली होती, ते राहिलं. बाई म्हणाली, जर्मन येतंय तर अर्धं काम झालंय.

बाई स्वतः गाडी चालवत आली. जूनपासून बायकांना मोकळीक झाली आहे. खालचा बंगाली वॉचमन तोंड उघडं टाकून बघत होता.

पैसे घेणार नाही म्हणाली. का, तर रुमानाने हात चांगला बांधला. हात बांधायचे तिला क्लिनिकवाले पगार देतात, मग हिला काय झालं? पण देणाऱ्याला अडवू नये.

२८ ऑगस्ट, मंगळवार

ईद चांगली झाली. अबू सईदने बकऱ्याची अख्खी रान पाठवली.

शिकवणी आमच्या हॉलमध्येच होते. मी सोफ्याच्या टोकाला बसते. घरात परकं माणूस आलं की म्हाताऱ्या माणसाने बसायचं असतं. मी तांदूळ निवडते, कान उघडे ठेवते. झेबा मधे बसून बाईचं इंग्रजी मला हिंदीत सांगते.

आज मधेच विमानं गेली. इथे ती रोजच जातात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, बोलणं थांबवावं लागतं. आवाज गेल्यावर बाई वर बोट दाखवून म्हणाली, "काम्पफ्ली."

मी झेबाला म्हटलं, "विचार, काय म्हणते."

"दादी, fighter plane. लड़ाई वाला जहाज़. काम्प मतलब लड़ाई, फ्ली मतलब plane."

पुढे बाईने सांगितलं की हे 'फ्ली' आधी एवढंसं नव्हतं. आधी 'उडणारं यंत्र' असा लांबलचक शब्द होता, लोकांनी कापून कापून नुसतं शेपूट ठेवलं. मी म्हटलं, यात काय नवल, आम्ही तरी कुठे मोबाईल फोन म्हणतो? आळस सगळ्या मुलखांत एकच.

बाई खूप हसली. मग मला म्हणाली, काम्प शब्द मात्र आमचा नाहीच, तो बाहेरून आलाय. कुठून, ते पुढच्या वेळी रुमानाने तिच्या भाषेत सांगायचं. घरचा अभ्यास दिला.

रुमाना मान खाली घालून "या, या" करते. या म्हणजे हो. तेवढं तर मीही शिकले.

९ सप्टेंबर, रविवार

घरचा अभ्यास झाला नाही. रुमानाने तोंड उघडलं, दोन शब्द बोलली आणि थांबली. ओढणी सारखी केली. शेवटी बाईनेच सांगितलं.

बाईच्या देशात बर्गन म्हणून बंदर आहे. शेकडो वर्षांपूर्वी तिथे जर्मन व्यापारी येऊन राहिले. कशासाठी, तर सुक्या मासळीसाठी! मी ताट खालीच ठेवलं. म्हटलं, सुकी मासळी? कशी सुकवता? बाईने दोन्ही हातांनी करून दाखवलं, दोन मासे शेपटीला शेपटी बांधून काठीवर टांगायचे. मी म्हटलं, आम्ही बोंबलाचे जबडे एकमेकांत अडकवतो आणि बांबूवर टाकतो. आत गेले, डब्यातले बोंबील आणले. बाईने नाकाला लावला आणि डोळे मिटले. आता तिला दर वेळी बोंबील बांधून देणार. फीचा प्रश्न मिटला.

तर ते व्यापारी माल घेऊन गेले आणि शब्द सोडून गेले. त्यांतला एक काम्प. त्यांना तो त्याच्याही आधी रोमन लोकांकडून मिळाला होता, आणि रोमनांच्या भाषेत त्याचा अर्थ लढाई नव्हताच. अर्थ होता मोकळं मैदान, माळ. सैन्यं मैदानात लढायची, म्हणून मैदानाचंच नाव लढाईला पडलं. इंग्रजांचा कॅम्पही त्याच घरातला. म्हणजे आमचा मामेभाऊ जलाल पुण्याला कॅम्पात बेकरीत होता, तो या विमानाच्या नात्यातच राहत होता म्हणायचा.

मला ते मैदान डोक्यातून जाईना. गुरं चरत असतील तिथे, पोरं खेळत असतील. ती सगळी नावातून गेली, मारामारी तेवढी उरली. आमच्याकडे बांधावरून दोन भाऊ कोर्टात गेले की त्या शेताला पुढे वादातलं शेतच म्हणतात, मग त्यात कितीही चांगला भात पिको.

मी बाईला विचारायला लावलं, "शब्द परदेशी आहे हे ठाऊक असून तुम्ही त्याला ठेवलात कसा? कुणी म्हटलं नाही, खलास, आता आपलाच शब्द ठेवायचा?"

बाई म्हणाली, म्हटलं ना. काही लोकांनी जर्मन शब्द हुडकून हुडकून काढायची मोहीम केली होती.

"म्हणजे तुमच्याकडेही सौदायझेशन!"

झेबाने ते तसंच्या तसं सांगितलं, आणि बाई इतकी हसली की दुखऱ्या मनगटाने टेबल बडवलं. मी विचारलं, मग हा राहिला कसा? म्हणाली, काही शब्द गेले, पण हा घरोघर रुळला होता. पोरं खेळतात त्या सामन्यालाही काम्पच म्हणतात. कोण काढणार?

२० सप्टेंबर, गुरुवार

मुझम्मिल दोन दिवस मला नॉर्वेच्या थंडीच्या गोष्टी सांगतोय. "अम्मी, तिकडे चार-चार महिने बर्फ असतं." "अम्मी, दुपारीच अंधार होतो." "अम्मी, तुझे गुडघे तिथे टिकायचे नाहीत." मी म्हटलं, खमीस काय भट्टी आहे? इथेही हिवाळ्यात रजई लागते. स्वेटर घेईन. त्यावर उगाच पाणी प्यायला गेला.

आज झेबाने एका वाक्यात संपवलं. "दादी, grandparents allowed नहीं हैं. सिर्फ़ मम्मी, पप्पा और मैं."

रुमाना स्वयंपाकघरातून ओरडली, "झेबा!" ती कधी ओरडत नाही.

तर असं आहे. लिहूनच ठेवते, म्हणजे डोक्यात फिरणार नाही. ते तिकडे, मी हर्णैला. तिथे धाकटी बहीण सुरैया आहे, तिचं घर दोन उंबऱ्यांवर. घर माझं, पाणी माझं, बंदर माझं. रुमाना तिकडे जाऊन दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या सांभाळणार आणि घरची म्हातारी इकडे. हसू येण्यासारखीच गोष्ट आहे. मी हसलेही, पण कुणी साथ दिली नाही.

मुझम्मिलचा राग आला तो वेगळाच. सरळ सांगायचं सोडून दोन दिवस मला बर्फाची भीती घालत होता.

३० सप्टेंबर, रविवार

शिकवणीचं काही खरं नाही. वाचते चांगलं, लिहिते चांगलं, बोलायची वेळ आली की दातखीळ. मला वाटतं तिलाच जायचं नाही. थंडीला घाबरली असेल. मुझम्मिलने घरभर बर्फ पसरलंय.

मी तिला म्हटलं, "रुमाना, मन लाव. नवऱ्याची नोकरी गेली, सगळं तुझ्या जिभेवर आहे."

"जी, अम्मी."

एवढंच. तिचं नेहमी एवढंच. लग्नाला बारा वर्षं झाली, मला कधी उलटून बोलली नाही. आमच्या घराण्याची रीतच आहे, सासूसमोर सून आवाज चढवत नाही. मीही माझ्या सासूसमोर नाही चढवला. हर्णैच्या बायका मला म्हणायच्या, सून मिळावी तर अशी.

७ ऑक्टोबर, रविवार

आज सोल्वेगबाईने मला उठवलं. माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावरून! झेबाकडून निरोप दिला, "आजींनी थोडा वेळ आत बसावं."

आत बसले. स्वयंपाकघराच्या दारातून काय ऐकते, तर रुमाना बोलतेय. अडखळत, पण बोलतेय. एकदा हसलीसुद्धा. मी दारात आले तशी वाफ थंड झाली.

बाई गेल्यावर मला कळलं. भाषा येत नाही असं नाहीच. मी बसलेय म्हणून येत नाही. मी तांदूळ निवडत बसते आणि हिच्या गळ्याला झाकण बसतं.

आता मुलाखतीच्या वेळी मी आतल्या खोलीत जाऊन बसले म्हणून सुटत नाही. त्या आश्रमवाल्या बायका कोण असणार? वयाने मोठ्या, हाताखाली माणसं वागवणाऱ्या. माझ्याच सारख्या. त्यांच्यासमोर ही "जी, अम्मी" करून बसली तर संपलंच.

विचार करतेय.

९ ऑक्टोबर, मंगळवार

उपाय केला.

बाई येऊन बसली तशी मी रुमानाच्या समोरची खुर्ची ओढली. म्हटलं, "आजपासून हिने माझ्याशी भांडायचं. यांच्या भाषेत."

रुमानाचा चेहरा पांढरा पडला. "अम्मी, असं कसं..."

"कसं म्हणजे? मला एक अक्षर कळणार नाही. म्हणजे तू बेअदबी केलीस असं होतच नाही. बारा वर्षांचं साठलं असेल ना? नाही असं म्हणू नकोस, मी मूर्ख नाही. बोल."

झेबा टाळ्या वाजवायला लागली, तिला आत पाठवलं. बाई मनगट चोळत बसली, मधे पडली नाही. हुशार बाई.

रुमाना बोलेना. मग मी सुरू केलं, माझ्या भाषेत. "कालची आमटी खारट होती. पडदे धुवायला झाले. मुलीला नमाज धड येत नाही, मोबाईल मात्र येतो. आणि चिपळूणच्या माणसांना भाकरी थापता येत नाही, हे मी लग्नाच्या दिवशीच म्हटलं होतं."

चिपळूण तिचं माहेर. तिथे बाण लागला. एक वाक्य आलं. मग दुसरं. मग तिने ओढणी मागे टाकली आणि नळ सोडावा तशी सुरू झाली. हात हलवून, माझ्याकडे बोट दाखवून. मी पण मधे मधे "असं? आणि?" करून तेल ओतत होते. एक शब्द सारखा येत होता, 'स्विगरमूर'. बाईने पहिल्याच दिवशी सांगितला होता, सासू. म्हणजे निघतंय ते माझंच निघतंय. निघू दे.

बोलता बोलता आवाज बदलला. हळू झाला. शेवटी ती माझ्याकडे बघायचं सोडून हातांकडे बघून बोलत होती. बाईने चष्मा काढला, डोळे पुसले.

झेबाला बोलावून विचारायला लावलं, काय म्हणाली शेवटी?

बाईने चष्मा परत लावला. मग झेबाने सांगितलं, "दादी, teacher बोलती है, grammar बहुत अच्छा था."

व्याकरण ऐकून डोळे पुसणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. शिक्षकच ते, कशाचं काय वाटेल सांगता येत नाही.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

रोज संध्याकाळी भांडतो. बाई नसली तरी. मुझम्मिल दुकानातून येतो, दारात चपला हातात घेऊन उभाच राहतो. त्याला वाटलं घर फुटलं.

आज रुमानाला म्हटलं, भांडण पुरे, आता ते काम्पफ्ली मला नीट समजावून सांग. आधी त्यांच्या भाषेत, मग आपल्या. चौथी शिकलेल्या बाईला कळलं तर आश्रमवाल्यांना कळेल.

तिने सांगितलं. बर्गन, मासळी, जर्मन, रोमन, मैदान. मग स्वतःचं थोडं घातलं. म्हणाली, "अम्मी, हा शब्द आधी मोकळी जमीन होता, मग लढाई झाला, मग त्याला पंख लागले. पण सामना खेळतात तोही काम्पच. म्हणजे अजून त्याच्यात मैदान आहे, पोरं अजून तिथे खेळतात."

मी म्हटलं, "हे बरं केलंस. मी त्या पोरांना उगाच हाकलून दिलं होतं."

विमानं गेली तेव्हा आम्ही दोघींनी वर बघितलं. यांतली बरीच दक्षिणेकडे, लढाईवर जातात. ज्यांच्यावर जातात त्यांच्याकडेही मैदान असेलच. जास्त लिहीत नाही.

२९ ऑक्टोबर, सोमवार

मुलाखत झाली.

रुमाना हॉलमध्ये कॉम्प्युटरसमोर, निळा कुर्ता, डोक्यावर ओढणी व्यवस्थित. मी विचारलं, मी आत जाऊ? म्हणाली, "नको, अम्मी. समोर बसा. तुम्ही दिसलात की जीभ सुटते." कसलं कौतुक म्हणायचं हे! बसले, कॅमेऱ्यात येणार नाही अशी.

पडद्यावर तीन बायका. मधली माझ्या वयाची, ओठ आवळलेले. मनात म्हटलं, ही सासू आहे.

आधी काय बोलल्या कळलं नाही. मग तिला एखाद्या विषयावर बोलायला सांगितलं असणार, कारण 'काम्पफ्ली' ऐकू आलं, 'बर्गन' ऐकू आलं, आणि तिघी हसल्या. रुमानाही हसली. तेवढ्यात विमान गेलं, खिडक्या वाजल्या. रुमाना वर बोट दाखवून काहीतरी म्हणाली, त्यावर मधली आवळलेली बाईसुद्धा हसली.

मग त्या बाईने काहीतरी हळू विचारलं. रुमाना माझ्याकडे बघून बोलायला लागली. 'स्विगरमूर'. परत 'स्विगरमूर'. किती वेळ! माझ्या गुडघ्यांकडे हात करत होती, डोळ्यांकडे करत होती, तांदूळ निवडतात तशी बोटं हलवत होती. पडद्यावरच्या तिघी हलेनात. मला घाम फुटला. म्हटलं, नोकरीच्या मुलाखतीत सासूची गाऱ्हाणी सांगते ही? सवयच लावली मी, माझीच चूक. खुणा केल्या, पुरे कर, पुरे कर. बघेल तर शपथ.

संपल्यावर विचारलं, "काय विचारलं होतं त्या बाईने?"

"कुणा म्हाताऱ्या माणसाची सेवा केलीय का, असं."

"मग दवाखान्याचं सांगायचं, घरचं कशाला?"

"जी, अम्मी," म्हणाली आणि आत गेली. बेसिनचा नळ बराच वेळ चालू होता.

नोकरी काही मिळत नाही आता.

४ नोव्हेंबर, रविवार

मिळाली!

सोल्वेगबाई धावत वर आली, लिफ्टची वाट न बघता. मला मिठी मारली. एवढी उंच बाई, माझं नाक तिच्या बटणात. मुझम्मिल दोन्ही हातांत तोंड धरून बसला. मी शुक्राची, म्हणजे आभाराची, नमाज पढले. जमिनीवर डोकं टेकवलं तेव्हा सगळ्यांची नावं घेतली, त्या मुलखाचं घेतलं, या मुलखाचं घेतलं, बाईचं घेतलं, आणि त्या जर्मन व्यापाऱ्यांचंही घेतलं. मेलेले असोत, मुसलमान नसोत, त्यांचा एक शब्द आमच्या उपयोगी पडला.

आश्रमवाल्यांना रुमानाची गाऱ्हाणी एवढी का आवडली, हे काही मला कळलं नाही. बाईला विचारलं तर ती नुसती माझे हात धरून बसली.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

मुझम्मिलचा दुकानातला काल शेवटचा दिवस होता. नवा सौदी माणूस आला आहे, त्याला पट्टे कापायला, बॅटरी घालायला यानेच शिकवलं. अबू सईद मधाची बरणी घेऊन घरी आला, खालूनच देऊन जात होता, मी वर बोलावला. त्याला म्हटलं, मोडक्यातोडक्या अरबीत, तू आमच्याशी चांगला वागलास. तो भिंतीकडे बघत राहिला. त्याने आमचा इकामा जानेवारीपर्यंत ठेवला आहे, कागद होईपर्यंत. मधाबरोबर बोंबील दिले. अरब माणूस, खाईल की नाही माहीत नाही. त्याच्या दुकानाच्या पगारावरच माझी कवळी बसली, मी एवढं तरी द्यावं.

१४ डिसेंबर, शुक्रवार

उद्या मी जाते. आधी मी, मग ते. सुरैयाचा फोन होता, घर उघडून झाडून ठेवलंय, विहिरीला पाणी आहे.

दुपारी माझी बॅग भरत होते. वरच्या कपाटातली शाल काढायला स्टुलावर चढले. रुमाना बाहेरून आली, बघितलं, आणि हातातली पिशवी टाकलीच.

"अम्मी! उतरा आधी खाली! गुडघे मोडून घ्यायचेत का जायच्या आदल्या दिवशी? किती वेळा सांगायचं? तुम्ही ऐकतच नाही कुणाचं! गोळ्या घेत नाही, डॉक्टरकडे जात नाही, आणि वर आम्हालाच बोलता! तिकडे सुरैयाखाला तुमच्या मागे धावणार आहेत का? बसा तिथे. बॅगेला हात लावायचा नाही. मी भरते."

मराठीत. सगळं मराठीत, खणखणीत, मुझम्मिल समोर बसलेला असताना. खालच्या वॉचमननेसुद्धा ऐकलं असेल.

मुझम्मिलने माझ्याकडे बघितलं. आता काय होतंय अशा नजरेने.

काय होणार? मी बसले. भरू दे तिला.